फुग्यातल्या दादी

सुट्टीत मुलांनी मोबाइलवर साबणाच्या फुग्यांचे फोटो काढायचे ठरवले, आणि आम्हीही त्यात शिरलो. पहिले चाळीसएक फोटो वाया गेले. पांढऱ्या भिंतीपुढे फुगा दिसतच नव्हता. मग फजरनंतर, वारा पडलेला असताना, दारावर काळा बुरखा टांगला आणि उजेड बाजूच्या खिडकीतून घेतला. साबणाच्या पाण्यात थोडे ग्लिसरीन घातले की फुगा जास्त टिकतो. तो नळीच्या टोकालाच राहू दिला तर फोकसही जमतो. रंग काही साबणाचे नसतात. पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंनी परतणारा उजेड एकमेकांत मिसळून ते उमटतात. वरचा भाग काळा पडू लागला, की फुगा फुटायला आला.

एक फोटो फार सुरेख आला. मोठा करून पाहिला, तर त्यात खिडकीपाशी तसबीह घेऊन बसलेल्या दादी. एकदा सरळ, एकदा उलट्या! दादी कधीच फोटो काढू देत नाहीत, आमच्या निकाहातही दिला नाही. ‘सांगूच नका,’ मुले गयावया करू लागली. आम्ही दाखवला. चष्मा लावून त्यांनी बराच वेळ पाहिला.

‘‘पुसून टाका.’’

पुसला. मग दादी आपली चटई उचलून आत गेल्या, आणि आतूनच त्यांनी विचारले, ‘‘साबण उरलाय ना?’’