मोत्याला जाड कोणी केले?

आमच्या घरी मोत्या नावाचा गावठी कुत्रा आहे. तो रोज माझ्यामागे शाळेपर्यंत येत असे, म्हणून वर्गातील सर्व मुले त्याला ओळखतात. पण मागच्या पावसाळ्यापासून तो मारुतीच्या पारापर्यंतच येई व धापा टाकत बसून राही. ओट्यावर चढतानाही मध्येच थांबे. लोक म्हणायचे, "वा! कुत्रा खात्यापित्या घरचा दिसतो." ते ऐकून आम्हांला बरे वाटे. आता वाटत नाही.

दिवाळीआधी बाबांनी व मी त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी मला एक खूण शिकवली. मूठ वळून बोटांच्या उंचवट्यांवरून दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा टोचल्या तर कुत्रा रोडका. पंजा उघडून त्याच्या पाठीवरून हात फिरवा. तेथे हाडे हलकी लागतात, तसे लागले तर ठीक. आणि तळहातासारखे मऊ लागले तर जाड. मोत्याच्या बरगड्या सापडल्याच नाहीत! वजन २७ किलो भरले. डॉक्टर म्हणाले, "याच्या अंगकाठीला २० किलो पुष्कळ झाले." म्हणजे बिचारा ७ किलो जास्तीचे ओझे सांध्यांवर वागवत होता. माझे दप्तरसुद्धा एवढे जड नाही.

"याला खायला कोण घालतं?" डॉक्टरांनी विचारले. बाबा म्हणाले, "हिची आजी आणि आई." घरी येऊन मी भिंतीला कागद लावला व जो घालील त्याने रेघ मारायची असे ठरवले. संध्याकाळी पाहते तो काय! आईच्या दोन, आजीच्या चार, बाबांचा चहात बुडवलेला पाव, काकांची हाडे, धाकट्या भावाची बिस्किटे. तीन रेघा तर माझ्याच होत्या. प्रत्येकाला वाटे, मी एवढेसेच तर देतो.

म्हणून माझे मत असे आहे की, यात कुत्र्याचा दोष नाही. तो काही डब्याचे झाकण उघडून खात नाही. आणि घरातल्या एकट्याने मनावर घेऊनही उपयोग नाही. आईने कमी वाढले की दुसरे कोणीतरी मागच्या दाराने देणारच.

आजी मात्र रागावली. "मुक्या जिवाला उपाशी मारता व्हय गं?" असे म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. १९७२ च्या दुष्काळात ती माझ्याएवढी होती. आईबरोबर खडी फोडायच्या कामावर जाई, सुकडी खाऊन दिवस काढले. त्यांच्या घरचा कुत्रा त्या वर्षी भुकेने मेला. मग मी तिला काय सांगणार?

शेवटी डॉक्टरांनीच तोड काढली. उपाशी ठेवायचे नाही, आठवड्याला पाव किलो उतरले तरी बस्स. दिवसाचे सगळे अन्न सकाळी एका डब्यात मोजून ठेवायचे आणि कोणीही दिले तरी त्यातूनच द्यायचे. बाबांनी तो डबा आजीच्या हाती दिला. आता तीच सगळ्यांत कडक! परवा काका हाडूक टाकू लागले तर म्हणाली, "आधी डब्यातलं तेवढं काढ."

सकाळी उन्हाच्या आत मी त्याला मळ्यापर्यंत चालवत नेते. आमच्या गावात काही जण जाड कुत्र्याला मोटारसायकलीमागे पळवतात. मला ते मुळीच पटत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो.

दर रविवारी धान्याच्या काट्यावर बाबा मोत्याला उचलून उभे राहतात, मग एकटे उभे राहतात. वजाबाकी मी करते. तीन महिन्यांत तो साडेचोवीस किलोवर आला आहे. २६ जानेवारीच्या झेंडावंदनाला तो न थांबता शाळेच्या फाटकापर्यंत आला होता!

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, मधल्या सुट्टीत त्याला खिचडी टाकू नका. सभेला येणाऱ्या पालकांनीही खिशातले बिस्किट देऊ नये. त्याच्या पाठीवरून हात फिरवा, तेवढे त्याला पुरते. आणि कोणी दिलेच तर मला सांगा. मला घरी जाऊन आजीला हिशेब द्यावा लागतो.