बँकेची चिठ्ठी आपणच वाचावी

त्र्यंबकेश्वरात धोतर, उपरणे व पांढऱ्या साडीला बाराही महिने मागणी असते. नारायण नागबळीच्या विधीला यजमानाला नवे वस्त्र लागते. माल मालेगाव, इचलकरंजीहून येतो, बराचसा उधारीवर जातो आणि वसुली पुष्कळदा चेकने होते. गिऱ्हाईकाशी मराठीत आणि मालवाल्याशी उर्दूत बोलून धंदा सुखाने चालतो. घोडे अडते ते बँकेच्या खिडकीपाशी.

काही वर्षांपूर्वी एका पार्टीचा चेक परत आला. सोबत बँकेची इंग्रजी चिठ्ठी होती. पार्टी म्हणाली, "सहीचा घोळ झाला, नवा चेक देतो." माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. चिठ्ठी दुसऱ्याला दाखवायची शरम वाटली, म्हणून ती गल्ल्यात टाकली. चार महिन्यांनी पुतण्याने वाचली. त्यावर होते, 'फंड्स इनसफिशियंट'. म्हणजे खात्यात पुरेसे पैसेच नव्हते!

१९८९ पासून लागू असलेल्या कलम १३८ प्रमाणे अशी चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस द्यावी लागते. त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे न आल्यास फौजदारी तक्रार करता येते. चेक पुन्हा बँकेत लावावा, तर २०१२ पासून त्याची मुदत तीनच महिने. दोन्ही मुदती गेल्या. उरला तो दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता. दोन इंग्रजी शब्दांची किंमत मी अशी मोजली.

व्यापारी बंधूंनो, आपल्याला इंग्रजीत भाषण ठोकायचे नाही. वीस-पंचवीस शब्द ओळखता आले तरी काम भागते. 'विड्रॉल' म्हणजे पैसे काढणे. त्या कोऱ्या स्लिपेवर कधीही दस्तखत करू नये. चेकवरचा 'बेअरर' शब्द खोडला नाही आणि चेक क्रॉसही केला नाही, तर तो ज्याच्या हाती पडेल तो पैसे उचलू शकतो. 'अकाउंट पेयी' लिहिले की रक्कम नाव असलेल्याच्या खात्यातच जाते. 'सिग्नेचर डिफर्स' म्हणजे सही जुळत नाही. पासबुकातले 'क्रेडिट' म्हणजे जमा. आपल्या वहीत मात्र तीच रक्कम बँकेच्या नावे पडते, हा फरक मुनीमजींनाही समजावून ठेवावा.

हक्कही विसरू नयेत. खाते उघडण्याचे अर्ज, पैसे भरण्याच्या स्लिपा, पासबुक हे सारे इंग्रजी, हिंदी व प्रांताच्या भाषेत असावे, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. चेक मराठीत लिहिला तरी चालतो. नोटेच्या मागे पंधरा भाषांत मराठीही आहे आणि उर्दूही. तेव्हा मराठी फॉर्म मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. परंतु परत आलेल्या चेकची चिठ्ठी किंवा मोबाईलवरचा संदेश अजूनही बहुधा इंग्रजीतच येतो. तेथे हक्क सांगून भागत नाही, वाचताच यावे लागते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण कुरआन शरीफच्या सूरह बकराहमध्ये आहे. लिहिलेले वाचता येणे हा त्याचाच पुढचा भाग नव्हे काय? आपल्या मोहल्ल्यांत कॉलेजात जाणारी मुले-मुली आहेत. जुम्याच्या दिवशी असरनंतर अर्धा तास त्यांनी बँकेचे फॉर्म घेऊन बसावे आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्यांच्यासमोर शागीर्द व्हावे. २०२७ च्या सिंहस्थात माल मोठा जाईल, चेकही मोठे येतील. मुलांसमोर शिकण्यात कसली शरम? शरम खरी न वाचता दस्तखत करण्याची आहे.