बाटली आडवी होते, मग वाळू का नाही?

"ग्रामसभेचा ठराव झालाय" असे कुणी म्हणाले की आपल्याला निम्मी लढाई जिंकल्यासारखे वाटते. दौंड-शिरूर भागात काम करताना माझा हा भ्रम हळूहळू गेला. ठराव दप्तरात असतो आणि बोटी नदीत.

खुटबाव हे पुणे-दौंड लोहमार्गावरचे, यवत आणि केडगावच्या मधले गाव. त्याच्या उत्तरेला मुळा-मुठा भीमेला मिळते आणि तिथून पुढे भीमा हीच दोन तालुक्यांची हद्द होते. एका काठावर दौंड, दुसऱ्यावर शिरूर. या पट्ट्यातली वाळू पुण्याच्या इमारतींत गेली. लिलावाची गेली, चोरीची त्याहून जास्त गेली असे गावात कुणीही सांगेल. सेक्शन बोटी पाण्याखालची वाळू ओढतात, रात्री हायवा भरतात. महसूल खाते अधूनमधून येते, जिलेटिन लावून बोटी उडवते, वर्तमानपत्रात फोटो येतो. काही दिवसांनी नव्या बोटी.

वाळू म्हणजे नदीचा स्पंज. पावसाळ्यात ती पाणी धरते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना सोडते. ती काढली की पात्र खोल जाते, काठ ढासळतात, विहिरीची पातळी उतरते. बागायतदार बोअर आणखी खाली नेतो, पाइपलाइन लांबवतो. ज्यांच्याकडे जमीन नाही त्या वस्तीतल्या बायका हंडा घेऊन लांब जातात. धुणे धुवायला उतरलेल्या बाईला पाय टेकेल की नाही याचा भरवसा उरत नाही, कारण काल जिथे गुडघाभर पाणी होते तिथे आज खड्डा असतो. रात्रीच्या गाड्यांमुळे मुली संध्याकाळनंतर बाहेर पडत नाहीत, आणि मग घरातलेच म्हणतात, शाळा पुरे झाली.

म्हणजे याबाबत बोलण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो बायकांना. कायद्यात तशी सोयही आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. भीमाकाठच्या एका गावात (नाव देत नाही, तिथे बायकांना राहायचे आहे) अशा सभेला मी हजर होते. चाळीसेक जणी जमल्या होत्या. वाळू नको, असे त्या एकमुखाने म्हणाल्या. रजिस्टरमध्ये काय लिहिले गेले? "नदीविषयी चर्चा झाली." पुढे मुख्य ग्रामसभेत विषय निघाला तेव्हा वाळूच्या धंद्यातली चार माणसे दाराशी उभी होती. हात वर करून मत द्यायचे होते. महिला सभेत बोललेल्यांपैकी बहुतेकींनी पदराखालचा हात बाहेर काढला नाही. त्यांना भित्र्या म्हणणे सोपे आहे. पण एकीचा नवरा त्याच डंपरवर चालक होता आणि दुसरीचा दीर बोटीचा भागीदार.

राज्याच्या २०१० च्या वाळू धोरणात लिलावाआधी ग्रामसभेची शिफारस घेण्याची अट आली. त्यानंतर धोरणे बदलत राहिली. २०२३ मध्ये सरकारी डेपोतून सहाशे रुपये ब्रासची वाळू आली, २०२५ मध्ये ती पद्धत मोडून पुन्हा लिलाव आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपक कुमार खटल्यात पाच हेक्टरखालच्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी लागेल असे सांगितले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या पट्ट्याआधी ग्रामसभेची वा पंचायतीची शिफारस सक्तीची केली. दौंड-शिरूर अनुसूचित क्षेत्रात नाहीत. धोरणातली अट सरकार नव्या निर्णयाने बदलू शकते, कायद्यातला हक्क असा बदलता येत नाही, हा फरक आपण कार्यकर्त्याच पुष्कळदा विसरतो.

स्थानिक संस्थेचा नकार आणि वरच्या सरकारची घाई हे भांडण फक्त आपल्याकडचे नाही. खडकाला तडे पाडून शेल वायू काढण्यावरून परदेशात नेमके हेच झाले. न्यूयॉर्क राज्यातल्या ड्रायडन नावाच्या छोट्या गावाने २०११ मध्ये बंदी घातली आणि २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. टेक्सासमधल्या डेंटन शहराने २०१४ मध्ये मतदान करून बंदी आणली, तर २०१५ मध्ये राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या कौंटी कौन्सिलने २०१५ मध्ये परवानगी नाकारली, २०१६ मध्ये मंत्र्यांनी ती दिली. तिथे आज्या-मावश्या डोक्याला रुमाल बांधून फाटकासमोर ठिय्या देऊन बसल्या होत्या. २०१९ मध्ये भूकंपाच्या धक्क्यांनंतर सरकारला काम थांबवावे लागले. कौन्सिलचे ऐकले असते तर धक्के बसायची वेळच आली नसती.

आपल्याकडे रत्नागिरीत नाणार परिसरातल्या ग्रामसभांनी रिफायनरीविरुद्ध ठराव केले. २०१९ मध्ये तिथली भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग बारसूचा विषय आला, आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये बायका माती परीक्षणाच्या गाड्यांसमोर रस्त्यावर आडव्या झाल्या. एकदा 'नाही' म्हटल्यावर शेजारच्या गावात तेच पुन्हा म्हणावे लागते.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. दारूच्या बाबतीत याच राज्याने बायकांचे मत कायद्याने मोजले आहे. २००८ च्या आदेशानुसार गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घ्यायचे, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद. दुकानाचा परवाना सरकारचा, महसूल सरकारचा, तरी निकाल बायकांचा. अनेक गावांनी हे करून दाखवले आहे. मग नदीच्या बाबतीत हे का नको? लिलाव जाहीर होण्याआधी काठच्या गावांत गुप्त मतदान घ्या, अधिकाऱ्यांसमोर मोजा आणि निकाल बंधनकारक ठेवा. दाराशी उभ्या असलेल्या चार माणसांना मतपेटीत डोकावता येत नाही.

यावर आक्षेप येतील. नदी एका गावाची नाही, हा पहिला. बरोबर आहे, म्हणून मतदान दोन्ही काठांचे एकत्र घ्यावे. दौंडच्या बाजूने 'नाही' आणि शिरूरच्या बाजूने 'हो' असे झाले तर बोट मधोमध उभी राहील, हे सांगायला तज्ज्ञ नको. अनेक गावांत एकाच वेळी मत घेता येते हे सरकारनेच दाखवले आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी रायगडात पेण भागातल्या बावीस गावांत सेझवर मतदान झाले. मात्र ते खातेदारांचे होते. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई त्यात नव्हती. हे मतदान मतदारयादीवरच व्हायला हवे.

दुसरा आक्षेप आमच्याच बैठकीत आला आणि तो मला जास्त बोचला. घरकुल मंजूर झालेली एक बाई म्हणाली, "ताई, तुमचं खरं, पण माझ्या भिंतीला वाळू कोण देणार?" नव्या धोरणात घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत म्हटली आहे. तिला अजून मिळालेली नाही. पुण्यातल्या वीस मजली इमारतीला रात्रीतून मिळते. तेव्हा आपल्या मागणीत सरसकट बंदी नको. गावाच्या घरांना लागेल तेवढी वाळू, ती फावड्या-घमेल्याने, गावच्याच मजुरांच्या हातून निघावी. सेक्शन बोट आणि बाहेरचा ठेका यांवर मत व्हावे. ग्रामपंचायतीला लिलावाचा वाटा बुडेल असे सरपंच म्हणतात. आज अर्ध्या सरपंच महिला आहेत, त्यांनी तो वाटा आणि रस्तेदुरुस्तीचा खर्च शेजारीशेजारी मांडून पाहावा.

कायदा बदलेपर्यंत एवढे तरी करू. महिला सभेत "चर्चा झाली" हे वाक्य लिहू द्यायचे नाही. नदीचा कोणता पट्टा, कोणत्या गटांसमोरचा, नकार का, किती जणी हजर, हे त्याच बैठकीत लिहून घ्यायचे आणि वाचून दाखवल्याशिवाय सही-अंगठा करायचा नाही. प्रत तहसील कार्यालयात देऊन पोच घ्यायची. ज्या गावांनी असे ठराव केले असतील त्यांनी त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवाव्यात. दोन्ही तालुक्यांच्या मिळून त्या एकदम जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवायच्या आहेत.