आधी कर्जाची फेड की आधी गाठीची शिल्लक?

कष्टकऱ्याला काटकसरीचा उपदेश करणे हा या देशातील सुखवस्तू वर्गाचा जुना छंद आहे. विडी सोडा, चहा कमी करा, लग्नकार्यात हात आखडता घ्या, म्हणजे कर्ज आपोआप फिटेल आणि वर चार पैसे गाठीला राहतील, असे त्याला शंभर वर्षे ऐकविले जात आहे. पूर्वी हे काम धर्मादाय संस्था आणि सरकारी साहेब करीत. आज ते मोबाइलच्या पडद्यावरील गुंतवणूक-सल्लागार करतात. या उपदेशाची चीड येणे स्वाभाविक आहे. परंतु या चिडीपोटी चळवळीतील काही मंडळी दुसऱ्या टोकाला जाऊन बसली आहेत. शिल्लक टाकणे ही मध्यमवर्गीय मनोवृत्ती होय, पिळवणूक संपल्याखेरीज कर्ज संपणार नाही, मग त्याचा विचार आज कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हा युक्तिवाद ऐकायला जहाल वाटतो. व्यवहारात तो कामगाराला सावकाराच्या दारात एकटा सोडून देतो.

कर्जाचे मूळ कशात आहे याविषयी खरे तर वाद उरलेला नाही. मुंबईच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ साली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी आढळली. १९३१ साली व्हिटली कमिशनचा अहवाल आला. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जात आहेत आणि त्यांतील बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे, हे ब्रिटिश सरकारनेच नेमलेल्या या कमिशनला नमूद करावे लागले. रुपयाला दरमहा एक आणा हा व्याजाचा सर्रास दर होता. म्हणजे वर्षाला ७५ टक्के! ज्याला हा दर भरावा लागतो, त्याचे कर्ज विडी सोडल्याने फिटत नाही.

आणा चलनातून गेला, सावकारी गेली नाही. तमिळनाडूत जबर व्याजाच्या धंद्याला ‘कंदुवट्टी’ म्हणतात. तो आटोक्यात आणण्यासाठी तेथे २००३ साली खास कायदा करण्यात आला. केरळात २०१४ साली पोलिसांनी ‘ऑपरेशन कुबेर’ या नावाने सावकारांविरुद्ध मोहीम काढली. त्याच वर्षी महाराष्ट्रात नवा सावकारी नियमन कायदा आला. विनापरवाना सावकारी हा त्याखाली गुन्हा आहे, आणि सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन मूळ मालकाला परत देण्याचा आदेश जिल्हा निबंधकाला देता येतो. कायद्यांचा तुटवडा नाही. अडचण अशी की निबंधकाच्या कचेरीत कर्जदार एकटा जातो आणि सावकार हा बहुधा तालुक्यातील वजनदार पुढारी असतो.

या जुन्या सावकाराच्या शेजारी आता नवा येऊन उभा राहिला आहे. त्याच्याकडे वही नाही, कंपनी आहे. स्त्रियांचे गट करून, एकीच्या हप्त्याला बाकीच्यांना जामीन धरून आठवड्याच्या आठवड्याला वसुली करणाऱ्या सूक्ष्मवित्त कंपन्यांनी आंध्र प्रदेशात असा कहर केला की, आत्महत्यांच्या बातम्यांनंतर ऑक्टोबर २०१० मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली या कर्जांसाठी नवे नियम केले. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये आणि मुदतीआधी कर्ज फेडल्यास दंड आकारू नये, ही त्यांतील बरी बाजू. मात्र त्याच नियमांनी व्याजावरील पूर्वीची कमाल मर्यादा उठविली आणि दर ठरविणे कंपन्यांवर सोपविले. क्रेडिट कार्डाचीही हीच कथा. थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. परिणाम राष्ट्रीय आकडेवारीतही दिसतो. २०२२-२३ साली देशातील कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्क्यांपर्यंत घसरली. कित्येक दशकांतील हा नीचांक होता.

अंकगणित काय सांगते

आता एका कुटुंबाचा हिशेब घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण असे घर कोणत्याही औद्योगिक वस्तीत सापडेल. पगार १८,००० रुपये. एका बाजूला पोस्टात किंवा बँकेत साठविलेले ३०,००० रुपये, त्यावर व्याज साडेसहा टक्के. दुसऱ्या बाजूला ४०,००० रुपयांचे कर्ज, त्यावर व्याज ३६ टक्के. शिल्लक मोडायची नाही असा घरचा निश्चय, कारण ती मुलीच्या शिक्षणासाठी राखलेली आहे. त्या ३०,००० रुपयांवर वर्षाला १,९५० रुपये मिळतात. तेवढ्याच रकमेच्या कर्जावर १०,८०० रुपये द्यावे लागतात. म्हणजे या निश्चयाची किंमत वर्षाला ८,८५० रुपये, जवळजवळ अर्ध्या महिन्याचा पगार. मुलीच्या नावाने ठेवलेल्या पैशाने सावकाराच्या मुलीचे शिक्षण होते, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण हिशेब चुकीचा ठरणार नाही.

मुळात व्याजाचा खरा दर किती, हेच पुष्कळदा कर्जदाराला कळू दिले जात नाही. ‘महिना फक्त दीड टक्का’ असे सांगून १२,००० रुपये दिले जातात. बारा हप्ते, प्रत्येकी १,००० रुपये मुद्दल आणि १८० रुपये व्याज. दीड गुणिले बारा म्हणजे अठरा टक्के, अशी कर्जदाराची समजूत होते. परंतु मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण १२,००० रुपयांवरच आकारले जाते. वर्षभरात त्याच्या हाती सरासरी ६,५०० रुपयेच असतात, आणि त्यावर तो २,१६० रुपये व्याज देतो. खरा दर तीस टक्क्यांच्या वर जातो. घटत्या मुद्दलावर व्याज आहे की मूळ मुद्दलावर, हा एक प्रश्न सही करण्यापूर्वी विचारला तरी पुष्कळ घरे वाचतील. सही झाल्यावर विचारून उपयोग नसतो, कारण तोपर्यंत कोरा चेक आणि कधी कधी पगाराच्या खात्याचे एटीएम कार्डसुद्धा सावकाराच्या खिशात गेलेले असते.

अंकगणित जेथे अपुरे पडते

मग सारी शिल्लक मोडून कर्ज फेडावे, एवढेच सांगून थांबता येईल काय? नाही. कष्टकरी कर्ज डोक्यावर असताना शिल्लक धरून बसतो, त्यामागे अडाणीपणा नसतो. त्याला अनुभव असतो. बँक त्याला उभे करीत नाही, कंत्राटदार केव्हा काम बंद करील याचा नेम नाही, दवाखान्याचा खर्च सांगून येत नाही. आज सगळी शिल्लक कर्जात घातली आणि पुढच्या महिन्यात मूल आजारी पडले, तर तो पुन्हा त्याच सावकाराकडे जाणार, आणि या वेळी सावकार दर वाढवून सांगणार. फेडलेले कर्ज महिन्याभरात परत आले की माणसाचा धीर खचतो. पुढे तो फेडण्याचा प्रयत्नच सोडतो आणि ‘नवे-जुने’ करीत राहतो.

यात केवळ घरचा प्रश्न नाही. संपाच्या पहिल्या दिवशी मालक घोषणा मोजीत नाही, कामगाराच्या घरी किती दिवसांचे धान्य आहे ते मोजतो. १९२८ साली मुंबईचे गिरणी कामगार सहा महिने लढले, त्यात वस्तीतील दुकानदारांच्या उधारीचा मोठा वाटा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो वर्षभराहून अधिक ओढला गेला तेव्हा हजारोंनी गावची वाट धरली, घरातील भांडीकुंडी आणि दागिने विकले गेले. त्या संपाच्या पराभवाची कारणे अनेक आहेत. मालकांना जुन्या गिरण्या चालविण्यात रस उरला नव्हता आणि सरकार बधले नाही, ही त्यांतील मोठी. ती सारी घरच्या शिल्लकीने टळली असती, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याचा हप्ता दर आठवड्याला दारात उभा आहे, त्याला लढ्यात एक महिना टिकणेही अवघड जाते, एवढे तरी प्रत्येक युनियन कार्यकर्त्याने पाहिलेले आहे.

म्हणून क्रम लावावा तो असा. प्रथम एका महिन्याचे रेशन आणि भाडे भागेल एवढी रक्कम बाजूला असावी, आणि ती त्याच दिवशी काढता येईल अशा ठिकाणी असावी. अडीच-तीन टक्केच व्याज मिळते म्हणून तिच्यासाठी हळहळू नये. पुन्हा कर्जाकडे न जाण्याची ती किंमत आहे. तिच्या वर जे काही साठले असेल ते सर्वांत महाग कर्जात घालावे, बाकीच्या कर्जांचे ठरलेले हप्ते मात्र चालू ठेवावेत. एक कर्ज फिटले की तो हप्ता घरखर्चात विरघळू देऊ नये. त्याचा मोठा भाग पुढच्या कर्जाकडे आणि थोडा शिल्लकीकडे वळवावा. लहान कर्जे आधी संपवावीत, म्हणजे हुरूप येतो, असेही काहीजण सांगतात. त्यात तथ्य आहे, पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जो घरी येऊन बायकामुलांसमोर अपमान करतो, त्याचा दर सर्वांत चढा नसला तरी त्याला आधी मोकळे करणे योग्य ठरते. मनुष्याची मान ताठ राहण्यालाही मोल आहे, आणि ते टक्क्यांत मांडता येत नाही.

भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न याहून अवघड. २०२४-२५ साठी त्यावर सव्वाआठ टक्के व्याज जाहीर झाले. सावकाराचे साठ टक्के समोर असताना तो काढून कर्ज फेडावे, असे अंकगणित सांगेल. परंतु या निधीला १९५२ च्या कायद्याने एक संरक्षण दिले होते, आणि ते मोलाचे ठरले आहे: कोणत्याही देण्यापोटी त्यावर जप्ती आणता येत नाही. सावकाराला जेथे हात घालता येत नाही अशी कामगाराची ही बहुधा एकमेव मत्ता. ती आपण होऊन सावकाराच्या हवाली करणे हा अगदी शेवटचा उपाय असावा. स्त्रियांच्या अंगावरील सोन्याची गोष्ट निराळी. आपल्याकडे सोने ही शिल्लकही असते आणि कर्जाचे तारणही असते. मंगळसूत्र पेटीत ठेवून दहा टक्के महिन्याने पैसे उचलण्यापेक्षा, ते बँकेत तारण ठेवून सावकाराला एकदाचे मोकळे करणे केव्हाही स्वस्त पडते. फक्त हा निर्णय जिचे सोने तिनेच करायचा असतो. पुष्कळ पुरोगामी घरांतही हे विसरले जाते.

पतपेढीचे काय झाले

फेड आणि शिल्लक यांचा मेळ घालणारी संस्था कामगारवर्गाला नवी नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर रेल्वे, पोस्ट, गोदी आणि गिरण्यांतून कामगारांच्या पतपेढ्या निघाल्या. भाग आणि ठेवी पगारातून कापल्या जात, कर्जाचा हप्ताही पगारातूनच जाई. एकाच वहीत शिल्लक वाढे आणि कर्ज घटे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ खाली पतपेढीचा हप्ता पगारातून कापून देणे मालकावर बंधनकारक झाले. कामगाराने आपल्या ठेवीतूनच आपल्या सोबत्याला कर्ज द्यावे, आणि व्याज बाहेर न जाता सभासदांतच राहावे, ही साधी गोष्ट होती, आणि तिने लाखो घरे सावरली.

आज ही व्यवस्था दोन बाजूंनी पोखरली आहे. पुष्कळ पतपेढ्या निवडणुकांच्या जहागिऱ्या बनल्या. शिवाय बाहेरच्या पतसंस्थांतील ठेवींना सहकारी बँकेप्रमाणे विम्याचे संरक्षण नाही, हे ठेवीदाराला कोणी सांगत नाही. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतील ठेवीला एक रुपयाचाही नाही. दुसरे आणि अधिक मोठे कारण कंत्राटी पद्धतीचे. ज्याचे नाव हजेरीपटावर नाही आणि ज्याचा मालक दर अकरा महिन्यांनी बदलतो, त्याचा हप्ता कोणाच्या पगारपत्रकातून कापायचा? कायम कामगाराला पतपेढी बारा टक्क्यांनी कर्ज देते, त्याच यंत्रावर शेजारी उभा असलेला कंत्राटी कामगार ते तिप्पट-चौपट दराने बाहेरून उचलतो. युनियनच्या वार्षिक सभेत लाभांश किती, यावर तासभर चर्चा होते. या दुसऱ्या कामगाराला सभासद करून घ्यायचे की नाही, हा विषय पत्रिकेवर येत नाही.

तो आणता येतो. केरळात १९९८ साली सुरू झालेल्या कुटुंबश्रीच्या शेजारगटांतील स्त्रियांकडे पगारपत्रक नव्हते. दहा-वीस जणींनी आठवड्याला बसायचे, थोडी थोडी बचत टाकायची आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज द्यायचे, येथून त्यांनी आरंभ केला. कंत्राटी कामगारांच्या वस्तीत असा गट चालविणे कठीण आहे, कारण माणसे सतत जागा बदलतात. म्हणून तो वस्तीत आणि कारखान्याच्या दारात असा दोन्हीकडे बांधावा लागेल, आणि कायम कामगारांच्या पतपेढीने त्याला भांडवल द्यावे लागेल. ज्या कारखान्यात युनियनची ताकद आहे, तेथे पुढील करारात मूळ मालकाने कंत्राटी कामगारांचीही कपात करून ती पतपेढीत भरावी, ही मागणी बोनस आणि महागाई भत्त्याच्या बरोबरीने नोंदविली जावी.