कुत्रा घराचा, जबाबदारी कोणाची?

आपल्या जुन्या घरांतून कुत्रा हा दाराचा असे, घराचा नसे. वैश्वदेव झाला की काकबळीबरोबर त्याचाही भाग बाहेर पडे. रात्री उरलेली भाकरी त्याला मिळे, आणि तिच्या मोबदल्यात तो अंगणात पडून परक्यावर भुंके. देवघरातल्या दत्ताच्या तसबिरीत जी चार कुत्री आपण हात जोडून पाहत आलो, त्यांचा ओट्याखालच्या खऱ्या कुत्र्याशी फारसा संबंध कोणी जोडीत नसे. आता वाडे गेले, अंगणे गेली आणि दारातला कुत्रा घरात आला. तो दिवाणखान्यात झोपतो, मुलांबरोबर मोटारीतून हिंडतो, त्याचा वाढदिवसही साजरा होतो. याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्याही घरी आठ वर्षांपासून एक आहे. तक्रार आहे ती एवढीच की, कुत्रा घरात आला तरी त्याच्याविषयीची आपली वृत्ती अजून दारातच राहिली आहे. लाड घरातल्याचे आणि काळजी दारातल्याची, असा हा व्यवहार आहे. त्याचे प्रायश्चित्त आम्हांस गेल्या वर्षी घ्यावे लागले. ते वाचकांपुढे मांडण्यात थोडा संकोच वाटतो. परंतु एखाद्या घराला त्याचा उपयोग होईल, तर संकोच बाजूला ठेवलेला बरा.

आमच्या घरी लहानथोर अकरा माणसे आहेत, आणि मोती सर्वांचाच लाडका. मातोश्री त्याला आपल्या पानातली पोळी घालीत. वडीलबंधू त्याला शिस्त लावीत, म्हणजे तो गुरगुरला की वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर मारीत. मुले त्याच्याशी दंगा करीत. आणि आम्ही, लेखणी चालविणाऱ्या माणसाला शोभेल अशा रीतीने, त्याच्यावर नुसते प्रेम करीत असू. श्रावणातल्या एका दुपारी मोती आपल्या भांड्यातले खात असता धाकट्या बंधूंच्या नऊ वर्षांच्या मुलाने गमतीने ते भांडे ओढले. मोती गुरगुरला नाही. त्याने एकदम तोंड घातले, आणि मुलाच्या मनगटाला दात लागून रक्त आले. मुलाने हात धुतला, सदऱ्याची बाही खाली ओढली आणि कोणास काही सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी अंगाला तेल लावताना त्याच्या आईच्या ते दृष्टीस पडले.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला तो मोतीच्या लसीविषयी. लसीचे पुस्तक शोधण्यातच अर्धा तास गेला, आणि सापडले तेव्हा कळले की मुदत उलटून सात महिने झाले आहेत. वडीलबंधूंची समजूत अशी की आम्ही त्याला नेऊन आणले. आमची समजूत अशी की थोरल्या पुतण्याने नेले. आणि पुतण्याला वाटले, हे वडील माणसांचे काम, त्यांनी केलेच असेल. अकरा माणसांच्या घरात त्या एका कामावर कोणाचेच नाव नव्हते.

मुलाचे उपचार त्याच दिवशी सुरू झाले. मोतीला एका खोलीत वेगळा ठेवला. चावतेवेळी कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विष असेल, तर तो बहुधा दहा दिवसांच्या आत आजारी पडून मरतो; दहा दिवस तो धडधाकट राहिला, तर त्या चाव्याचे भय नाही असे वैद्यकशास्त्र धरते. दहांपैकी दोन दिवस आमच्या अज्ञानातच गेले होते. उरलेले आठ दिवस कसे काढले ते आमचे आम्हांस ठाऊक. रोज सकाळी मातोश्री पूजा अर्धी टाकून बाहेर येत आणि एकच विचारीत, "पाणी प्यायला का?" अकराव्या दिवशी मोती नेहमीसारखा पाणी प्यायला आणि घराने श्वास सोडला. मुलाला आम्ही विचारले, "अरे, तू लपवून का ठेवलेस?" तो खाली पाहत म्हणाला, "सांगितलं असतं, तर तुम्ही त्याला सोडून आला असता." त्याचे म्हणणे निराधार नव्हते. वर्षापूर्वी मोती दारी आलेल्या टपालवाल्याच्या अंगावर गेला, तेव्हा आमच्यापैकीच कोणी रागाच्या भरात म्हणाले होते की, पुन्हा असे झाले तर याला घाटापलीकडे नेऊन सोडू. बोलणारा ते विसरला. मूल विसरले नव्हते.

शांतपणे पाहता यात मोतीचा अपराध थोडा आणि घराचा फार, असे आम्हांस दिसून आले. लस चुकली ती आमच्यामुळे, मुलाने चावा लपविला तो आमच्या धमकीमुळे, आणि मोती सूचना न देता चावला तोही आमच्याच शिकवणुकीमुळे. कुत्र्याचे गुरगुरणे म्हणजे उद्धटपणा अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः 'मला हे नको आहे, दूर हो' असे सांगण्याची त्याच्यापाशी असलेली ती सभ्यातली सभ्य भाषा आहे. ती मारून बंद केली, तर त्याची नाराजी बंद होत नाही. सूचना तेवढी बंद होते.

महाभारताच्या आदिपर्वात आरंभीच सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या यज्ञाजवळ आलेल्या एका कुत्र्याला राजाच्या भावांनी मारले. तेव्हा त्याची आई सरमा राजापुढे येऊन म्हणाली की, माझ्या मुलाने हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही. मग त्याला का मारले? कोणापाशीच उत्तर नव्हते. तेव्हा तिने शाप दिला की, तुमच्यावर न दिसणारे भय येईल. ही कथा आमच्या घरात वर्षानुवर्षे सांगितली जात होती; तिचा अर्थ मात्र आम्हांस या श्रावणात कळला. ज्याचे गुरगुरणे मारून बंद केले आहे तो कुत्रा म्हणजेच न दिसणारे भय होय.

मग शिकवावे कसे? आजचे जाणते शिक्षक एकमुखाने सांगतात की, हवे ते वर्तन घडताच त्याच क्षणी बक्षीस द्यावे, आणि नको त्या वर्तनाला संधीच कमी ठेवावी. बक्षीस म्हणजे खाऊचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. पण तो त्याच क्षणी मिळाला पाहिजे, कारण दहा मिनिटांनंतरच्या शाबासकीचा वा माराचा संबंध कुत्र्याला लागत नाही. घरी आल्यावर फाटलेली चप्पल दाखवून त्याला मारणे व्यर्थ आहे ते याचमुळे. बोलावून घेऊन शिक्षा तर कधीच करू नये. पुढे 'ये' म्हटले की तो पळेल, आणि त्यात नवल ते काय? पाठ पाच मिनिटांचा असावा, जेवणापूर्वी घ्यावा, आणि शब्द ठरलेले असावेत. एकत्र कुटुंबात खरी अडचण येते ती येथेच. आमच्या घरी पलंगावरून उतरविण्यासाठी एकजण 'खाली' म्हणे, दुसरा 'उतर', तिसरा 'हट', आणि शाळेत जाणारी मंडळी 'डाऊन'. चवथे कोणी त्याला तेथेच थोपटीत बसे. अशा घरात कुत्रा हट्टी होत नाही, गोंधळतो. आम्ही बस, थांब, सोड, उतर आणि ये हे पाच शब्द कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दाराला लावले. मोती खात असता कोणी जवळ गेलेच, तर भांड्यातले काढून न घेता त्यात काही चांगले टाकावे असे ठरले. पण मुलांनी मात्र खात्या किंवा झोपलेल्या कुत्र्याजवळ जायचेच नाही. सहा आठवड्यांत फरक दिसला. आठ वर्षांचा कुत्रा काय शिकणार, शेपूट वाकडे ते वाकडेच, असे म्हणणारे आमचे शेजारी आता आपल्या कुत्र्याला घेऊन येतात.

ज्यांच्या घरी पिल्लू येणार असेल त्यांनी एक ध्यानात ठेवावे. त्याच्या स्वभावाची घडण पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत फार वेगाने होते. त्या काळात मुले, म्हातारी माणसे, काठी, छत्री, मिक्सरचा आवाज या सर्वांशी त्याची हळूहळू आणि गोडीने ओळख करून द्यावी. आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. कुत्र्यांच्या पैदाशीविषयी २०१७ साली झालेल्या नियमांनी त्याहून लहान पिल्ले विकण्यास मनाई केली आहे. आणि पानातले देण्याची सवय अगदीच सुटत नसेल, तर कांदा, लसूण, चॉकलेट आणि शिऱ्यातले बेदाणे यांपासून तरी त्याला जपावे. ती त्याच्या प्रकृतीला घातक आहेत.

चाव्याविषयी चार शब्द स्पष्टपणे लिहिणे अवश्य आहे. दात लागला, किंवा नखाने ओरखडा आला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट, तेल यांपैकी काही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. लस साधारणपणे पहिल्या दिवशी, नंतर ३, ७, १४ आणि २८ दिवसांनी दंडात देतात. दंडाच्या त्वचेत देण्याची पद्धत असल्यास दिवसांचा क्रम थोडा निराळा असतो. रक्त निघाले असेल तर जखमेतच आणखी एक औषध टोचावे लागते. पोटात चौदा सुया घेण्याची जुनी भीती आता नाही; ती लस आपल्या देशात केव्हाच बंद झाली. १८८५ च्या जुलैत पॅरिस येथे लुई पाश्चर यांच्या लसीने पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेला योसेफ माइस्टर हा मुलगा वाचला. तोही नऊच वर्षांचा होता. तेव्हापासून आजवर एक गोष्ट पालटलेली नाही. लक्षणे दिसण्यापूर्वी हा रोग टाळता येतो. लक्षणे दिसल्यावर जवळजवळ कोणीच वाचत नाही. म्हणून आपल्या मुलांना इतके तरी ठामपणे सांगावे की, कुत्रा चावला हे सांगितल्यावर कोणालाही शिक्षा होणार नाही. मुलाला नाही आणि कुत्र्यालाही नाही.

आता सरकारी शासनाकडे वळू. कुत्रा हा गावात तंटा उभा करणारा विषय आहे, हे मुंबईने १८३२ साली अनुभवले आहे. बेवारशी कुत्री मारण्याचा हुकूम होता, शिपायांना प्रत्येक कुत्र्यामागे पैसे मिळत, आणि त्या लोभाने पाळीव कुत्रीही मारली जात. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी लोक चिडले, दंगल झाली आणि शहराचे व्यवहार थांबले. पाळलेला कोणता आणि बेवारशी कोणता हे ओळखावे कसे, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज त्याचे उत्तर परवाना आणि गळ्यातला पट्टा हे आहे. मुंबई-पुण्यासारख्या महानगरपालिकांत कुत्रा पाळण्यास परवाना लागतो, आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला द्यावा लागतो. हे काम कागदी वाटते. परंतु आमच्या घरी ते वेळेवर झाले असते, तर लसीची मुदत उलटलेली आम्हांस सात महिने आधीच कळली असती.

गृहनिर्माण संस्थेला ठराव करून कुत्रा पाळण्यास बंदी करता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांत म्हटले आहे, आणि हे बहुतेक पाळणाऱ्यांना तोंडपाठ असते. कर्तव्ये तितकी पाठ नसतात. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे कुत्र्याला फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, आणि वाजवी कारणावाचून त्याला सोडून देणे हे सर्व गुन्हे आहेत. मूळ कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपयांचा. म्हणून कोणी हसेल. परंतु घाटापलीकडे नेऊन सोडण्याची जी भाषा आमच्या घरात सहज निघाली, ती गुन्ह्याची भाषा होती हे त्या दंडाच्या रकमेने बदलत नाही. दुसरी बाजू अधिक कडक आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमानुसार, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून कोणाच्या जीवितास वा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असता पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तेव्हा 'आमचा काही करीत नाही हो' असे म्हणत दोरी सोडून जिन्यातून कुत्रा उतरविणाऱ्या सद्गृहस्थांनी याचा विचार करावा. आपला कुत्रा काही करीत नाही, हे आपल्याला माहीत असते. जिन्यात भिंतीला चिकटून उभ्या राहिलेल्या शेजारच्या आजींना ते माहीत नसते. रस्त्यावर त्याने केलेली घाण आपणच कागदात उचलावी, हे सांगण्याचीही गरज पडू नये.

आमच्या घरी आता व्यवस्था अशी आहे. मोतीचा एक पालक नेमला आहे. तो थोरला पुतण्या. लस, परवाना आणि पशुवैद्य ही त्याची कामे. तो परगावी गेला तर दुसऱ्याचे नाव लिहून जातो. सकाळचे फिरविणे वडीलबंधूंकडे, संध्याकाळचे आमच्याकडे. मुलांकडे पाण्याचे भांडे, तेही कोणी मोठे जवळ असताना. वर्तमानपत्राची गुंडाळी आता वाचण्यापुरतीच उरली आहे, आणि मातोश्रींनी पोळी बंद केलेली नाही. फक्त ती मोतीच्या भांड्यात, ठरलेल्या वेळी, मोजून पडते. सर्वांचे प्रेम पूर्वीइतकेच आहे. फरक इतकाच की, प्रत्येक कामाखाली एकेक नाव आहे.

ज्या वाचकांच्या घरी कुत्रा असेल त्यांना आमची एकच विनंती आहे. हा अंक खाली ठेवल्यावर लसीचे पुस्तक शोधावे आणि शेवटची तारीख पाहावी. पुस्तक कोठे आहे हे घरात कोणासच सांगता आले नाही, तर आज रात्री सर्वजण जेवावयास बसतील तेव्हा तोच विषय काढावा.