संकल्पाचे फर्मान

१ जानेवारीस स्वतःवर फर्मान काढावयाचे आणि संक्रांतीपूर्वीच त्याचा अंमल ढिला पडला की स्वतःसच गुन्हेगार ठरवावयाचे, हा वार्षिक उपक्रम मला निव्वळ जुलमाचा वाटतो. याहून जैनांचे प्रतिक्रमण कितीतरी सुज्ञ. कारण त्यात, विशेषतः पर्युषणाच्या अखेरीस येणाऱ्या सांवत्सरिक प्रतिक्रमणात, मनाने, वाचेने वा कायेने कोणास दुखविले याचे अवलोकन होऊन क्षमा मागितली जाते, आणि दिलीही जाते. व्यायामशाळेची वर्षाची वर्गणी आगाऊ भरण्याआधी (ती बहुधा वायाच जाते) एखादी संध्याकाळ अशाच चौकशीस द्यावी, जीत वकील नको, शिक्षा तर मुळीच नको. गतवर्षी आपला वेळ कोणाच्या वाट्यास आला आणि कोणास मागूनही मिळाला नाही, एवढेच निवांतपणे पाहावे.