दात का आंबतात?

वजन घटविण्यासाठी रोज पहाटे अनशापोटी लिंबूपाणी घेणाऱ्या सोनिवलीतील एक गृहिणी परवा दवाखान्यात आल्या. थंड पाण्याच्या घोटानेही त्यांच्या दातांतून कळ जात होती.

लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ असतो. तोंडातील सामू ५.५ च्या खाली गेला, की दातांवरील एनॅमल विरघळू लागते. झिजलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही. आणि लिंबाने चरबीही वितळत नाही.

लिंबूपाणी घेतलेच, तर घोट घोट लांबवू नये. नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. मऊ झालेले एनॅमल घासले जाऊ नये, म्हणून ब्रश अर्ध्या तासानंतरच करावा. जेवून उलटी काढण्याची सवय लागली असेल, तर डॉक्टरांपासून लपवू नये. पोटातील आम्लही दात झिजवते. कळ थांबली नाही, तर दंतवैद्यांना दाखवावे.